खर्जाची जोडणी

६ जून १९६२. लंडनच्या ॲबी रोडवरील ईएमआय स्टुडिओत लिव्हरपूलहून चार तरुण चाचणी द्यायला आले होते. बीटल्स हे त्यांच्या बँडचं नाव लिव्हरपूल आणि हॅम्बुर्गच्या क्लबांबाहेर तेव्हा फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. वाजवायला सुरुवात झाली आणि ध्वनिमुद्रणाचं काम पाहणाऱ्यांनी कपाळाला हात लावला. पॉल मॅकार्टनीच्या बेसच्या ॲम्पमधून जो आवाज येत होता, तो टेपवर घेण्याजोगाच नव्हता. शेवटी स्टुडिओतले तंत्रज्ञ केन टाउनसेंड यांनी तळघरातल्या एको चेंबरमधून टॅनॉय कंपनीचा भलामोठा स्पीकर वर आणवला, त्याला लीक कंपनीचा ॲम्प जोडला आणि काम पुढे सरकलं.

मॅकार्टनीचा बेस होता हॉफनर कंपनीचा. १९६१ साली हॅम्बुर्गमध्ये सुमारे ३० पौंडांना घेतलेला. १९७२ साली लंडनच्या नॉटिंग हिल भागात एका गाडीतून तो चोरीला गेला. पुढे त्याचा माग काढण्यासाठी जगभर आवाहनं झाली आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये तो मालकाकडे परतल्याचं जाहीर झालं. त्या दिवशी वेळ निभावून नेणाऱ्या टॅनॉयची चौकशी मात्र कुणी केली नाही.

बेस गिटारच्या बाजारात आजही हेच चालतं. लोक वाद्य शोधतात, वाद्याच्या नावाला पैसे मोजतात, त्याच्यासाठी वर्षानुवर्षं बचत करतात. ॲम्प आणि स्पीकरचा बॉक्स म्हणजे उरल्यासुरल्या पैशांत उरकायचं काम. मला हा क्रम साफ चुकीचा वाटतो. बेसचा आवाज वाद्य, ॲम्प आणि बॉक्स या तिघांच्या जोडणीतून तयार होतो, आणि त्यात बॉक्सचा वाटा लोक समजतात त्याहून फार मोठा आहे. वाद्याचा इतिहास, आवाजाचं शास्त्र आणि बाजारातले भाव, तिन्ही एकाच गोष्टीकडे बोट दाखवतात.

वाद्य एका वर्षी, आवाज पुढच्या वर्षी

लिओ फेंडर स्वतः गिटार वाजवत नसत. कॅलिफोर्नियातल्या फुलर्टनमध्ये त्यांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. नाचगाण्याच्या बँडमधले वादक त्यांच्याकडे येत, आणि त्यातल्या डबल बेसवाल्यांचं रडगाणं ठरलेलं असे: वाद्य माणसाएवढं, गाडीत मावत नाही, आणि ट्रम्पेट-ड्रमच्या गदारोळात ऐकूही येत नाही. सिॲटलच्या पॉल टटमार्क यांनी १९३०च्या दशकातच गळ्यावर फ्रेट, म्हणजे धातूच्या पट्ट्या, असलेला, आडवा धरून वाजवायचा इलेक्ट्रिक बेस बनवला होता. पण तो रुजला नाही. १९५१ मध्ये फेंडर यांचा प्रिसिजन बेस आला, आणि तो रुजला. तारेची लांबी ३४ इंच, गळ्याला फ्रेट आणि खांद्याला पट्टा. आजही बहुतेक बेस गिटारची तार ३४ इंचीच असते.

पण हा बेस लावायचा कशाला? तेव्हाचे ॲम्प गिटारसाठी बनवलेले. खर्जाचा दाब त्यांना पेलत नसे. म्हणून पुढच्याच वर्षी, १९५२ मध्ये, फेंडर यांनी पंधरा इंची स्पीकरचा बासमन ॲम्प काढला. हे वाद्य बाजारात रुजवणाऱ्या माणसालाही वाद्य एकटं विकता आलं नाही.

बासमनची पुढची गोष्ट जोडणीबद्दल बरंच शिकवते. १९५०च्या दशकाच्या मध्यावर त्यात पंधरा इंचीच्या जागी दहा इंची चार स्पीकर आले. पाठीमागून मोकळा असलेला तो बॉक्स बेसला अपुरा पडे, कारण मोकळ्या पाठीच्या बॉक्समध्ये स्पीकरच्या पुढची आणि मागची लाट खालच्या स्वरांत एकमेकींना खोडून काढतात. गिटारवाल्यांना मात्र तो ॲम्प फार आवडला. १९६२ मध्ये पश्चिम लंडनमधले ड्रमचे दुकानदार जिम मार्शल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच बासमनचं सर्किट समोर ठेवून आपला पहिला ॲम्प बनवला आणि त्याला बंद पाठीचा, बारा इंची चार स्पीकरांचा बॉक्स जोडला. जवळपास तेच सर्किट, बॉक्स निराळा. आणि त्यातून रॉक संगीताचा एक अख्खा आवाज जन्माला आला.

बेसवाल्यांना हवं होतं ते अँपेग कंपनीने दिलं. १९६० साली त्यांचा बी-१५ आला. जेस ऑलिव्हर यांच्या या रचनेत पंधरा इंची स्पीकरचा बॉक्स आणि त्यावरचा ॲम्प एकमेकांसाठी घडवलेले होते; काम झालं की ॲम्प उलटा करून बॉक्सच्या पोटात ठेवायचा. डेट्रॉइटच्या मोटाऊन कंपनीच्या असंख्य गाण्यांत बेस वाजवणारे जेम्स जेमर्सन क्लबमध्ये हाच ॲम्प वापरत. १९६९ मध्ये अँपेगने एसव्हीटी काढला: चौदा ट्यूबांचा, ३०० वॉटचा ॲम्प आणि त्याखाली दहा इंची आठ स्पीकरांचा बंद बॉक्स. रोलिंग स्टोन्सच्या त्याच वर्षीच्या अमेरिका दौऱ्यात तो मंचावर उभा राहिला, आणि मोठ्या मंचावरच्या बेसचं रूप तिथून पुढे ठरून गेलं.

बेसवादक जाको पास्टोरियसचं नाव घेतलं की त्याचा १९६२चा, फ्रेट काढून टाकलेला जॅझ बेस आठवतो. त्याच्यामागे ॲकॉस्टिक कंपनीचा ३६० हा ॲम्प असे. त्यात अठरा इंची स्पीकर बॉक्सच्या आतल्या वळणदार भोंग्यात बसवलेला आणि पॉवर ॲम्पही बॉक्समध्येच. जाकोच्या बोटांना तोड नाही, हे खरंच. पण ती बोटं ज्या बॉक्समधून बोलत होती, त्याचीही आठवण ठेवायला हवी.

सत्तावीस फुटांची लाट

बेसची सर्वांत जाड तार, म्हणजे ई, सेकंदाला सुमारे ४१ वेळा कंप पावते. या स्वराची हवेतली लाट आठ मीटरहून लांब, जवळपास २७ फूट. एवढी लाट उठवायची तर बरीच हवा हलवावी लागते. स्वर एक सप्तक खाली गेला आणि आवाज तेवढाच हवा असेल, तर स्पीकरच्या कोनाला चौपट अंतर पुढे-मागे जावं लागतं. म्हणून गिटारच्या स्पीकरवर बेस लावला की आधी तो फडफडतो आणि मग फाटतो.

आता एक गंमत बघा. एसव्हीटीसोबतचा आठ स्पीकरांचा बॉक्स बेसवाल्यांच्या पिढ्यांनी डोक्यावर घेतला. त्याच्या आजच्या आवृत्तीच्या माहितीपत्रकाप्रमाणे तो ५८ हर्ट्झच्या खाली उतरू लागतो. म्हणजे ई तारेचा मूळ स्वर तो पूर्ण ताकदीने देतच नाही. तरीही बेस भरदार ऐकू येतो, कारण तारेतून मूळ स्वराबरोबर ८२, १२३ हर्ट्झ असे वरचे स्वरही निघतात, आणि कान त्यांवरून खालचा स्वर मनातल्या मनात पुरा करतो. चांगला बॉक्स बनवणाऱ्याला हे माहीत असतं. त्याला ८० ते २५० हर्ट्झचा पट्टा घट्ट आणि स्वच्छ हवा असतो.

बॉक्सच्या शास्त्रात एक पोलादी नियम सांगितला जातो. केएलएच या अमेरिकी स्पीकर कंपनीतले जोसेफ अँटन हॉफमन यांच्या नावाने तो ओळखला जातो. प्रख्यात पियानोवादक जोसेफ हॉफमन यांचे ते चिरंजीव. बॉक्स लहान हवा, तो खोल खर्जापर्यंत उतरायला हवा आणि थोड्या वॉटमध्ये मोठा वाजायलाही हवा, या तीन मागण्यांपैकी कोणत्याही दोनच पुऱ्या होतात. चिमुकला बॉक्स दाखवून 'यात सगळं आहे' असं कुणी म्हणालं, तर तिसरी गोष्ट कुठे गेली ते विचारावं. बहुतेक वेळा ती वॉटच्या आकड्यात दडलेली असते.

ऑस्ट्रेलियातले अभियंते नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये आणि रिचर्ड स्मॉल यांनी १९७०च्या दशकात स्पीकर आणि बॉक्स यांचं नातं गणितात मांडलं. बॉक्सच्या पोटात हवा किती आणि भोक कितीचं, यावर तोच स्पीकर कसा वागेल हे ठरतं. आपल्याकडे साउंड सर्व्हिससाठी बॉक्स बनवणारे सुतार गावोगावी आहेत आणि त्यांचा हातही चांगला आहे. पण उत्तम स्पीकर आणून 'या मापात एक खोकं बनव' असं सांगितलं, तर स्पीकरचे पैसे पाण्यात जातात. स्पीकरच्या कागदावरचे आकडे सुताराच्या हाती द्यायला हवेत. लाकूड १८ मिलिमीटरचं चांगलं प्लायवूड घ्यावं. भुशाच्या फळीचा बॉक्स कोकणातल्या पावसाळ्यात फुगतो.

ओहमचा हिशेब

ओहम म्हणजे विजेच्या वाटेतला अडथळा, आणि जुळवाजुळवीत सर्वांत जास्त माल इथे जळतो. ॲम्पच्या पाठीवर लिहिलेलं असतं: कमीत कमी ४ ओहम. बॉक्सवर लिहिलेलं असतं: ८ ओहम. ८ ओहमचे दोन बॉक्स लावले तर एकूण भार ४ ओहम होतो, तीन लावले तर २.६७. पाण्याच्या टाकीला नळ वाढवत गेलं की एकूण पाणी जास्त वाहतं, तसाच ॲम्पमधून जास्त प्रवाह ओढला जातो. आणि ४ ओहमच्या ॲम्पला तिसरा बॉक्स लावला की तो तापतो, बंद पडतो किंवा जळतो.

ट्यूब ॲम्पचं तंत्र वेगळं. त्यात आउटपुट ट्रान्सफॉर्मर असतो. ४ ओहमचा बॉक्स ४ च्याच खाचेत लागला पाहिजे. बॉक्स न लावता ट्यूब ॲम्प वाजवला तर ट्रान्सफॉर्मर जाऊ शकतो, आणि जुन्या ॲम्पमध्ये सर्वांत महागडा सुटा भाग तोच असतो. ॲम्प ते बॉक्स ही वायर स्पीकरचीच हवी. गिटारची जाळीदार वायर दिसायला सारखी असली तरी या कामाची नाही.

वॉटच्या आकड्याने भुलू नये. वॉट दुप्पट केले की आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. कानाला दुप्पट वाटायला हवा असेल तर जवळपास दहापट वॉट लागतात. उलट, एका बॉक्सची संवेदनशीलता ९७ डेसिबल आणि दुसऱ्याची १०० असेल, तर दुसरा बॉक्स निम्म्या वॉटमध्ये तेवढाच वाजतो. ३०० वॉटचा ॲम्प विकून ६०० चा घेण्याऐवजी, ॲम्पला ओहम पेलत असतील तर, आहे तसाच आणखी एक बॉक्स जोडावा. जवळपास ६ डेसिबल पदरात पडतात.

आणखी एक जुनी समजूत: दहा इंची चार स्पीकरांचा बॉक्स वर, खर्जासाठी पंधरा इंचीचा एक खाली. दोन्ही ८ ओहमचे असले की शक्ती निम्मी-निम्मी वाटली जाते. वर ती चौघांत विभागते, खाली एकट्यावर पडते. पंधरा इंची आधी हार मानतो. शिवाय दोन्ही बॉक्सच्या लाटा सगळीकडे एकसारख्या जुळत नाहीत, त्यामुळे हॉलमध्ये एका जागी खर्ज भरतो, दुसऱ्या जागी नाहीसा होतो. एकसारखे दोन बॉक्स ही साधी आणि खात्रीची वाट.

घासाघीस करण्यापूर्वी

गिरगावातल्या एका चाळीत असा एक व्यवहार मी पाहिला. विकणारे काका सत्तरी ओलांडलेले, उमेदीच्या काळात ऑर्केस्ट्रात बेस वाजवणारे. घ्यायला आलेला मुलगा डोंबिवलीचा, कॉलेजच्या बँडमधला. त्याची नजर काकांच्या जपानी बेसवर. भिंतीला टेकलेल्या चार स्पीकरांच्या बॉक्सकडे त्याने पाहिलंही नव्हतं.

"काका, मला फक्त बेस हवाय. ॲम्प आहे माझ्याकडे."

"केवढा आहे?"

"आठ इंची. घरात वाजवायचा."

"मग तुझा बेस आधी या बॉक्सला लाव. आणलायस ना?"

त्याने लावला. काकांनी ॲम्प चालू केला, सगळे खुंटे मधोमध ठेवले. मुलगा ई तार एकदा छेडून थांबला, पुन्हा छेडली, मग तीन-चार मिनिटं वाजवतच राहिला.

"हा माझाच बेस आहे?"

"तुझाच. आता ठरव काय न्यायचं ते."

त्याने ॲम्प आणि बॉक्स नेला. जपानी बेस काकांच्याच भिंतीवर राहिला.

जुना माल तपासायची एक पद्धत आहे, आणि ती कुणालाही जमते. बेसच्या गळ्याकडे बॉडीच्या टोकाकडून एक डोळा मिटून पाहावं. पीळ पडला असेल तर दिसतो, आणि पीळ सहसा सरळ होत नाही. गळ्यातल्या सळीचा, म्हणजे ट्रस रॉडचा, नट फिरतो का ते पाहावं. तो शेवटपर्यंत आवळलेला असेल तर सुधारणेला जागा उरलेली नाही. प्रत्येक तार प्रत्येक फ्रेटवर वाजवून बघावी. खुंटे फिरवताना खरखर आली तर घाबरायचं कारण नाही. ती साफ होते.

बॉक्सची तपासणी लोक करतच नाहीत. कोनावर दोन्ही हातांची बोटं पसरून अलगद आत दाबावं. घासल्याचा आवाज आला तर आतली कॉइल सरकलेली आहे. मल्टिमीटर लावला की ८ ओहमचा धडधाकट स्पीकर साधारण साडेपाच ते साडेसहा दाखवतो. काहीच दाखवत नसेल तर कॉइल तुटलेली. मुंबईच्या लॅमिंग्टन रोड परिसरात स्पीकर दुरुस्त करणारे कारागीर आहेत. कोन आणि कॉइल बदलून चौकट आणि चुंबक तेच ठेवता येतं. म्हणून फाटलेला चांगला स्पीकर टाकाऊ समजू नये, फक्त भावातून दुरुस्तीचा खर्च वजा करावा.

मुंबई, गोवा आणि समुद्राची हवा

आपल्याकडे पाश्चात्त्य वाद्यांचा व्यापार जुना आहे. धोबी तलावचं फुर्टाडो १८६५ पासूनचं. हिंदी चित्रपटसंगीताच्या वाद्यवृंदांत गोव्याचे वादक पिढ्यान्‌पिढ्या वाजवत आले. राहुलदेव बर्मन यांच्या गाण्यांत बेस गिटार पुढे येऊन बोलू लागली. त्यांच्या ताफ्यात टोनी वाझ बेस वाजवत. त्या काळात आयातीवर कडक बंधनं होती. चांगलं वाद्य किंवा ॲम्प यायचा तो बहुधा जहाजावर नोकरी करणाऱ्या गोवेकराच्या किंवा आखातातून सुट्टीवर आलेल्या नातेवाइकाच्या सामानातून. एक ॲम्प अनेक हातांतून फिरायचा आणि दुरुस्त होत होत टिकायचा.

परदेशातून माल आणणाऱ्यांनी आजही एक गोष्ट पाहायला हवी. अमेरिकेतला ॲम्प १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झचा. आपली वीज २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झची. थेट जोडला तर फ्यूज उडतो, नशीब वाईट असेल तर ट्रान्सफॉर्मर. व्होल्टेज कमी करणारा ट्रान्सफॉर्मर मध्ये लावला तरी फक्त ६० हर्ट्झसाठी घडवलेला ॲम्प ५० वर जास्त तापतो. पाठीवरची पट्टी वाचल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

आणि मग पाऊस. जूनपासून किनाऱ्यावरची हवा ओली होते, गळ्याचं लाकूड ओल शोषतं, तारा फ्रेटपासून वर-खाली होतात. पुण्या-नाशिकच्या कोरड्या हिवाळ्यात लाकूड आकसतं आणि फ्रेटची टोकं हाताला टोचू लागतात. वर्षातून दोनदा ट्रस रॉड थोडा फिरवणं हा इथल्या बेसचा नित्यक्रम समजावा. कागदी कोनांना बुरशी लागते, म्हणून बॉक्स जमिनीवर आणि बाहेरच्या भिंतीला चिकटवून ठेवू नये.

भाव कशाला मिळतो

जानेवारी १९६५ मध्ये लिओ फेंडर यांनी आपली कंपनी सीबीएस या प्रसारण कंपनीला १ कोटी ३० लाख डॉलरला विकली. त्याआधीच्या वाद्यांना बाजारात वेगळाच मान आहे. मूळ रंग, मूळ पिकअप, मूळ खुंटे, सगळं जागेवर हवं. नुसता रंग पुन्हा दिलेला असला तरी किंमत निम्म्यावर येऊ शकते. द हू बँडचे जॉन एंटविसल यांनी १९६७ मध्ये फेंडरच्या पाच मोडक्या बेसचे भाग जोडून एक बेस बनवला होता. त्यांच्या निधनानंतर, २००३ मध्ये, लंडनच्या सदबीज लिलावात त्यांच्या वाद्यांना संग्राहकांनी भरभरून किंमत दिली. पाच तुकड्यांच्या त्या बेसला मोल आलं ते वाजवणाऱ्यामुळे.

जुन्या वाद्यांच्या व्यवहारात आपल्या जंगलाचाही धागा आहे. ब्राझिलच्या शिसवीचा व्यापार १९९२ पासून आंतरराष्ट्रीय करारात जवळपास बंद आहे. फेंडरसह अनेक कंपन्यांच्या फिंगरबोर्डवर १९६०च्या दशकापासून भारतीय शिसव आली. सह्याद्रीतही वाढणारं हे झाड. २०१७ पासून सगळ्याच शिसवीला परवान्यांची अट लागली. तयार वाद्यांना २०१९ मध्ये सवलत मिळाली. ब्राझिलियन शिसवीच्या जुन्या बेससाठी मात्र सीमा ओलांडताना कागदपत्रं लागतात. घेणाऱ्याने ती आधी मागावीत.

बॉक्सचा भाव उलट दिशेने जातो. निओडिमियमच्या हलक्या चुंबकांमुळे आणि क्लास डी ॲम्पमुळे आज पाचशे वॉटचा ॲम्प पाठीवरच्या पिशवीत मावतो, आणि बॉक्सही एका हाताने उचलता येतो. त्यामुळे जुने, जड बॉक्स स्वस्तात निघतात. अँपेगचा आठ स्पीकरांचा बॉक्स ६० किलोहून जड. तिसऱ्या मजल्यावर राहणारा तो विकायलाच काढणार. विकणाऱ्याला घरातली जागा मोकळी करायची घाई असते. घेणाऱ्याची संधी इथेच आहे. ज्या भागावर आवाज सर्वांत जास्त अवलंबून आहे, तोच बाजारात सर्वांत स्वस्त मिळतो.

म्हणून तरुण बेसवाल्यांना माझं सांगणं सरळ आहे. पैसे मोजके असतील तर आधी चांगला जुना बॉक्स घ्या. मग त्याच्या ओहमला जुळणारा ॲम्प. मग हातात आहे त्याच बेसला नवीन तारा आणि नीट सेटिंग. नवा बेस त्यानंतर. चौघांच्या बँडने मिळून सरावाच्या जागेसाठी एक उत्तम बॉक्स घेतला, तर प्रत्येकाच्या वाट्याला थोडेच पैसे येतात आणि सगळ्यांचं वाजवणं सुधारतं, कारण बेस स्पष्ट ऐकू आला की ड्रमरचा पायही जागेवर पडतो.

विकणाऱ्यांकडेही एक मागणी आहे. जाहिरातीत चकचकीत फोटोंबरोबर ओहम, व्होल्टेज, वजन आणि कोणता स्पीकर कधी बदलला हे लिहा. दुकानदारांनी बेस भिंतीवर टांगताना त्याच्याखाली एक खरा बॉक्स लावून ठेवावा आणि गिऱ्हाइकाला त्याचा स्वतःचा बेस जोडू द्यावा. असं झालं तर महागड्या बेसची विक्री थोडी घटेल, बॉक्सची वाढेल, आणि आपल्या गावातल्या, कॉलेजातल्या, चर्चच्या आवारातल्या कितीतरी बँडचा खर्ज पहिल्यांदाच नीट ऐकू येईल.